कुंभारखाणीची तोफ

निंबसरच्या संग्रहालयाच्या बागेत फिरायची पायवाट बहाव्यापाशी सरळ जाता जाता एकदम वळसा घेते. वळणावर पोट फाटलेली तोफ आहे आणि पलीकडे मातीची खाण. तिच्या कडेत वेड्या राघूंची बिळं. फलक सांगतो, ‘चाचणीत फुटलेली तोफ’. बागेचे म्हातारे माळी दगडूनाना पाहुण्यांना आधी फलकाकडे पाठ करायला लावतात, मग बोलतात.

ही सारी जागा राजेशाहीच्या काळात संस्थानची बाग होती, असे सांगतात. कारभाऱ्याला इथे कमळांचं तळं हवं होतं. जागा मात्र कुंभारांच्या खाणीची. माती गेली तर चाक थांबणार, चाक थांबलं तर चाळीस घरं उपाशी. कुंभार हटेनात, तेव्हा त्याने तोफ भरून तिचं तोंड कुंभारवाड्याकडे वळवलं आणि उद्या दुपारपर्यंतची मुदत दिली.

साऊ कुंभारीण तोफखान्याला वेठीत माठ पोचवायची. मोबदला शिव्या. त्या दिवशी तिच्या पाटीत माठ नव्हते. लीद आणि राख घालून तुडवलेली माती होती. भट्टीतही न तडकणारी. गोलंदाज दौलतखानाच्या डोळ्यांदेखत तिने ती कोपरापर्यंत हात घालून तोफेच्या तोंडात ठासली म्हणे.

“साऊबाय, अगं तोफ फुटेल!”

“फुटू दे. बत्ती तुझ्या हातात नसावी, एवढंच सांगते.”

“नाही लावली तर माझं मुंडकं जाईल.”

“लावलीस तर माझी तिन्ही नातवंडं जातील. माझ्याच माठातलं पाणी पितोस ना रोज? तूच ठरव.”

साऊ तिथून हलली नाही. आपण याला मरणाच्या तोंडी दिलं, हे तिला कळत होतं. तरी तिने शब्द मागे घेतला नाही.

दुपारी कारभारी आला. दौलतखानाने बत्ती खाली ठेवली. “सरकार, तोफेचं तोंड बुजलंय. विश्वास नसेल तर हात घालून बघा.”

“कुंभाराच्या मातीत मी हात घालू?” कारभारी ओरडला. “कुंभारणीला भिऊन मातीचं निमित्त सांगतोस, भेकडा! हो बाजूला.”

तोंड बुजल्याचं दौलतखानाने दोनदा सांगितलं, असे म्हणतात. तिसऱ्यांदा न सांगता तो साऊचा हात धरून तोफेच्या चौथऱ्याखाली उतरला. कारभाऱ्याने बत्ती उचलली.

कुंभारवाड्यावर एक ढेकूळही पडलं नाही. कारभाऱ्याचं काय उरलं ते दगडूनाना सांगत नाहीत. “समोर बायामाणसं आहेत,” म्हणतात. पुढच्या कुणा कारभाऱ्याने तळ्याचं नाव काढलं नाही.

एका कॉलेजच्या सरांनी मध्येच विचारलं, “याला पुरावा काय?”

“खाण,” नाना म्हणाले. “ती आहे ना अजून?”

आजही कुंभारवाड्यातल्या बाया उन्हाळा लागला की येतात आणि या वाटेवरच्या झाडाझाडाला पाखरांच्या पाण्याचे मातीचे परळ टांगून जातात. पण या खाणीच्या मातीचा माठ संग्रहालयाच्या कचेरीत कधी गेलेला नाही. तीन साहेब बदलून गेले, तिघांनी मागून पाहिला. फलकावरचं खोटं खरवडा, मग बोलू, एवढंच उत्तर मिळतं. साहेब अजून प्लॅस्टिकच्या बाटलीतलं कोमट पाणी पितात.