सशिणीचा अर्ज

मुलांनो, एका सागाच्या जंगलात, ओढ्यापलीकडच्या मुरमाड माळावर सशांची जुनी वस्ती होती. त्या वस्तीत एक वयस्क सशीण राहत असे. ती बोलायची थोडे, पण कुणाला काही हवे-नको असेल तर तिला सांगावे लागत नसे.

एके वर्षी त्या जंगलात तापाची साथ आली. ताप इतका वाईट, की सकाळी चरायला गेलेला ससा संध्याकाळी बिळात निपचित पडलेला असे. सिंहराजाने गुहेच्या तोंडाशी शिळा लावून घेतली. मोरांचा थवा पहिल्याच आठवड्यात डोंगरमाथ्यावर निघून गेला. माळावरच्या सशांना मात्र जायला दुसरी जागा नव्हती. त्यांच्यासाठी धावून गेले दोघेच: ही सशीण आणि बाभळीवर राहणारा एक कावळा. सशीण कोवळा पाला आणि कंद जमवून बिळाबिळाच्या तोंडाशी ठेवी. कावळा ओढ्यावरून चोचीत पाणी आणून आजाऱ्यांच्या ओठांवर सोडी. साथ ओसरली, तेव्हा अर्धी वस्ती रिकामी झाली होती. आईबाप नसलेली सात पिल्ले सशिणीच्या बिळात दाटीवाटीने झोपत होती. सलग दोन महिने कुणी चारा साठवला नव्हता आणि थंडी तर सुरू झाली होती.

अशात राजाची दवंडी फिरली, "साथीत उद्ध्वस्त झालेल्या वस्त्यांना पुन्हा उभे राहण्यासाठी राजाच्या कोठारातून दाणे आणि सुके कंद मिळतील. गरजूंनी कारभारी कोल्ह्याकडे अर्ज करावा." सशिणीचे डोळे भरून आले. तिने सागाच्या पानावर वस्तीची सगळी हकिकत लिहिली आणि ती कोल्ह्याकडे गेली.

कोल्ह्याने पान दोन नखांत धरून वर उचलले. "यावर वस्तीतल्या पाच वडीलधाऱ्यांच्या पंजांचे ठसे कुठे आहेत?"

"कारभारीसाहेब, वडीलधारे तापात गेले."

"गेले हे मी कशावरून मानू? मेलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या कड्यावरच्या गिधाडाकडून तसा दाखला आणा. त्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही."

कडा दोन दिवसांच्या वाटेवर होता. पिल्लांना कावळ्यावर सोपवून सशीण निघाली. पाय सोलवटले, तरी ती थांबली नाही. दाखला घेऊन पाचव्या दिवशी ती परतली, तेव्हा कावळा बिळाबाहेर मान खाली घालून बसला होता.

"ताई," तो म्हणाला, "सगळ्यांत धाकटे काल गेले. मी मिळेल ते आणून भरवत होतो गं. पुरले नाही."

पिल्लाला सशिणीने माती दिली आणि तशीच ती कोल्ह्याकडे गेली. कोल्ह्याने दाखल्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "मुदत काल संपली, बाई. मदत मोरांच्या वस्तीला मंजूर झाली. उद्या सकाळी राजांच्या हस्ते वाटप आहे. कार्यक्रमाला अवश्य या, टाळ्या वाजवायला माणसे... म्हणजे प्राणी हवेतच."

दुसऱ्या दिवशी वडाखाली सभा भरली. टोपल्या ओळीने मांडल्या होत्या. राजाने मोरांचा अर्ज हातात घेतला. सुंदर अक्षर, कडेने पिसांची नक्षी, शेवटी पाच डौलदार ठसे. कोल्ह्याने मोठ्या आवाजात वाचून दाखवले, "समाजाचे खचलेले मनोबल नृत्याद्वारे उंचावण्याचा संकल्प..." सगळीकडे माना डोलू लागल्या.

"थांबा!" सशीण सभेच्या मधोमध येऊन उभी राहिली. "महाराज, मोरांना एकच गोष्ट विचारा. साथीत त्यांच्या वस्तीतले कोण गेले? एकाचे तरी नाव सांगू दे!"

मोराने मान वेळावली. "आम्ही... त्या दिवसांत डोंगरावर होतो. तिथली हवा बरी असते."

"ऐकलंत?" सशिणीचा आवाज चढला. "ज्यांनी साथ पाहिलीच नाही, त्यांना साथीची मदत! आणि आमच्याकडे मेलेल्यांचे ठसे मागता? पाच वडीलधारे जिवंत असते, तर मी दारोदार फिरले असते का? तुमचा दाखला आणायला मी कड्यावर गेले आणि मागे एक पिल्लू उपाशी मेले. महाराज, हे कोठार कुणी भरले? दर सुगीला आम्ही सशांनी पाठीवर वाहून आणलेले दाणे आहेत त्यात. आमचेच आम्हाला द्यायला तुमचा कारभारी नक्षीदार पान मागतो!"

"महाराज, नियम सर्वांना सारखेच..." कोल्हा पुढे झाला.

"नियम!" सशीण कडाडली. "नियम करताना माळावर एकदा तरी आला होतास का?"

सिंहाने कोल्ह्याकडे पाहिले आणि कोल्ह्याने जमिनीकडे. मग राजा उठला, ओढा ओलांडून स्वतः माळावर गेला. त्याने एकेका बिळात वाकून पाहिले. कुठे वाळका पाला होता, कुठे नुसती माती. एका बिळातून सहा पिल्ले हाडे मोजता येतील अशा अंगाने बाहेर आली आणि त्याचे पंजे हुंगू लागली. राजाला त्यांच्याकडे बघवेना.

"कुणाच्या घरी किती तोंडे आहेत, हे इथे कुणाला ठाऊक आहे?" त्याने विचारले.

"मला," कावळा म्हणाला. "साथीत रोज याच दारांवरून फिरत होतो."

"मग वाटप तू करायचे. अर्ज नको, ठसे नकोत." राजाने कोल्ह्याचे कारभारीपण त्याच जागी काढून घेतले. कावळा दार दाखवी आणि कोल्हा पाठीवरची टोपली तिथे उतरवी. दिवसभर त्याने ओझी वाहिली. मोर केव्हा निघून गेले, ते कुणाला कळलेही नाही.

सूर्य कलला तेव्हा राजा सशिणीजवळ आला. आता ती वाकून आभार मानेल, असे त्याला वाटले होते. सशीण ताठ उभी राहिली. "महाराज, आभार मागू नका," ती म्हणाली. "पाच दिवस आधी आला असता, तर मानले असते." एवढे बोलून ती वळली आणि मूठभर दाणे घेऊन पिल्लांना भरवायला बसली.

तात्पर्य : संकटात जे दारोदार फिरले, त्यांनाच विचारून मदत वाटावी. नुसते कागद पाहून वाटणाऱ्याच्या हातून भरल्या घरात भर पडते आणि भुकेल्याच्या घरी मदत पोहोचते ती उशिरा. तो उशीर मग कोणत्याही दाण्याने भरून निघत नाही.