जिथला टॅपेट तिथंच

एका गावात एक भोळा माणूस राहत होता, केरबा. शेजारच्या गावात त्याच्याहूनही भोळी एक मुलगी होती. ती मी.

माझे वडील, म्हणजे आबा, गाड्यांचे मिस्त्री. घरासमोर पत्र्याची शेड, शेडमध्ये आबांची स्वतःची जुनी काळी मोटार. केरबा आबांच्या हाताखाली कामाला यायचा. सांगितलं ते सांगितलं तसं करायचा. आमच्या गावात सांगितलेलं कुणीच करत नाही, म्हणून मला तो फार आवडायचा. माझी अक्कल तेवढीच.

त्या मोटारीचं इंजिन टकटक वाजायचं. आत टॅपेट नावाचे लहान लहान पेले असतात, ते व्हॉल्व्ह उचलतात. ते झिजले होते. मोटार बनवणाऱ्या कंपनीनं असले टॅपेट करणं कधीच सोडून दिलं होतं, तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी कारखान्यातले आणून बसवायचे होते. आबांनी केरबाला समोर बसवलं आणि म्हणाले, "ही टकटक बंद केलीस तर पोरगी तुझी. न्हाई केलीस तर पोरीचं नाव काढायचं न्हाई." मी दाराआड उभी होते. मी तिथूनच मान डोलावली.

केरबा कोल्हापूरला गेला आणि टॅपेट घेऊन आला. पिशवीत नुसते टाकून, एस्टीत खडखड वाजवत. दोन-तीनांना ओरखडे पडले, ते बदलून आणायला लागले. आबा म्हणाले की असल्या वस्तू तेलात बुडवून आणायच्या, म्हणजे घासत नाहीत आणि धूळही बसत नाही.

"बरं आबा. पुढच्या बारीला तसंच करतो," केरबा म्हणाला.

पुढच्या बारीला त्याला इंजिनाचं पॅकिंग आणायला पाठवलं. पॅकिंग म्हणजे इंजिनाच्या दोन लोखंडी भागांमध्ये बसतो तो कागद. केरबानं ते तेलात बुडवून आणलं. ते मऊ पडून चुरगळलं, फाटलं होतं. आबांनी कपाळावर हात मारला आणि सांगितलं की नाजूक वस्तू दोन फळ्यांमध्ये ठेवायची, वर चांगलं वजन ठेवायचं, मग ती जागची हलत नाही.

"बरं आबा. पुढच्या बारीला तसंच करतो."

पुढच्या बारीला आईनं त्याला अंडी आणायला पाठवलं. वस्तू नाजूक होती. केरबानं दोन फळ्या घेतल्या, वर गाडी उचलायचा जॅक ठेवला. अंडी जागची हलली नाहीत, हे खरं. आईनं फळी खरवडून आमलेट केलं आणि त्याला समजावलं की अंडी भुशात घालायची, खाली भुसा, वर भुसा, म्हणजे एक दुसऱ्यावर आपटत नाही. मी म्हणाले, आई किती छान समजावते. मलाही ते तेव्हाच कळलं होतं.

"बरं मावशी. पुढच्या बारीला तसंच करतो."

पुढची बारी टॅपेट बसवायची होती. टॅपेट एकमेकांवर आपटतात म्हणून तर टकटक होते, असं केरबानं ताडलं. त्यानं इंजिनात खाली भुसा घातला, वर भुसा घातला. गाडी सुरू केली. टकटक खरोखरच आली नाही. धूर आला. आणि मी दाराआडून टाळ्या वाजवल्या.

आबा मटकन खाली बसले. मला वाटलं, संपलं, आता आपलं लग्न होत नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पण आबांचा जीव त्याच्यावर होता. त्यांनी सगळं इंजिन पुन्हा खोललं, केरबाकडून रॉकेलनं धुवून घेतलं, टॅपेट ज्या भोकातून निघाले त्याच ओळीनं मांडले; त्या भोकाला मिस्त्री लोक घर म्हणतात. मग केरबाचा खांदा धरून म्हणाले, "आता शेवटचं सांगतो. जे जिथनं काढलं, ते तिथंच परत घालायचं. दुसऱ्याच्या घरात घातलंस तर झिजून मरतंय."

केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं एकेक टॅपेट ज्याच्या त्याच्या घरात बसवला. गाडी सुरू केली. आवाज असा की मांजर झोपलंय म्हणावं. टकटक बंद.

आबा शब्दाला जागले. आमच्याच दारात मांडव पडला, लग्न लागलं. वऱ्हाडाचा टेम्पो पुढं गेला आणि मागून त्या काळ्या मोटारीत आम्ही दोघंच निघालो. निघताना आईनं डोळे पुसत मला बजावलं की घर येईपर्यंत मान वर करायची नाही, उजव्या पायानं माप ओलांडायचं, नाव घ्यायचं, आणि दारात जी बाई उभी असेल तिच्या पाया पडायचं. "आजपासनं तीच तुझी आई," आई म्हणाली.

मी मान खाली घातली.

ओढ्यापर्यंत केरबा गाडी चालवत होता आणि विचार करत होता. हे त्यानं मला नंतर सांगितलं. ही पोरगी काढली आबांच्या घरातनं. आता घालायची दुसऱ्याच्या घरात. म्हणजे झिजून मरणार. त्याला ते सहन झालं नाही. इतकी माया माझ्यावर तोवर कुणी केली नव्हती. त्यानं ओढ्यापाशी गाडी वळवली. मला वाटलं, वळणाचा रस्ता असेल.

गाडी थांबली. मी मान खाली घालूनच उतरले. उंबऱ्यावर आबांचा ताकाचा तांब्या होता, तो मी माप समजून उजव्या पायानं लवंडला. समोर दोन पाय दिसले. सासूबाईंच्या टाचेला अगदी आईसारखी भेग होती. मला फार बरं वाटलं, म्हटलं, घर परकं वाटत नाही. मी खणखणीत आवाजात नाव घेतलं:

"इंजिनाला टॅपेट, टॅपेटला तेल,
केरबांचं नाव घेते, सासूसुनेचा बसू दे मेळ."

आणि वाकून पाया पडले. वरून घाबरलेला आवाज आला, "आगं, मी तुझी आई हाय."

मी मान खाली ठेवूनच म्हणाले, "व्हय सासूबाई, आजपासनं तुमीच."