बेलभंडाऱ्याची आण

फार पूर्वी, घरोघरी तेलाचेच दिवे लागत तेव्हाची ही गोष्ट. एका गावात तेलाचे चार घाणे होते. तीन तेल्यांचे, चौथा एका विधवा तेलिणीचा. तिच्या पदरात एकुलती एक लेक, आणि देवावर भारी भाव.

एके दिवशी थोरल्या तेल्याने सगळ्यांना खंडोबाच्या देवळात बोलावलं. आपसात चढाओढ करून आपलंच नुकसान होतं, यापुढे मी सांगेन तोच भाव, असं म्हणून त्याने प्रत्येकाला बेलभंडारा उचलायला लावला. आण मोडेल त्याच्या लेकराबाळांवर देव कोपेल, हेही वदवून घेतलं. तेलिणीला लेक आठवली, पण तिनेही उचलला.

मग भाव चढू लागला. सकाळी एका घाण्यावर चढला की दुपारपर्यंत चारी घाण्यांवर तोच. गिऱ्हाईक दारोदार फिरे आणि रिकामी बुधली घेऊन घरी जाई. संध्याकाळी निम्मं गाव अंधारात बुडू लागलं.

गाऱ्हाणं राजाच्या कानी गेलं. बाजारावर नजर ठेवायला राजाने नेमलेला पंच गावात आला. तो कुणावर ओरडला नाही. घाण्याघाण्यावर बसायचा आणि तीळ कुठून आणता, बैलाला काय घालता, असं विचारायचा. तीळ महागले, असं सगळ्यांनी सांगितलं.

पंच थोरल्याला म्हणाला, "तुझे तीळ नदीपलीकडचे, तेलिणीचे घरच्या शेतातले. खर्च वेगळा, मग भाव एकाच दिवशी कसा चढतो?"

"देवाची करणी, सरकार," थोरला हसून म्हणाला.

पंचाने दवंडी पिटवली: संगनमत झालं असेल तर जो आधी येऊन आपणहून सांगेल, त्याला दंड माफ.

दुसऱ्या सकाळी तेलिणीने दार उघडलं, तर उंबऱ्यावर भंडारा उधळलेला, कुणीतरी आणेची आठवण करून दिलेली. लेक त्यावर पाय देणार, तोच तिने तिला ओढून उराशी धरलं. त्यानंतर लेक नुसती शिंकली तरी हिचा जीव उडे.

अशात एका तिन्हीसांजेला शेजारची म्हातारी वाटी घेऊन आली. सून बाळंत झालेली, आज बाळाची पाचवी. सटवाई नशीब लिहायला येते त्या रात्री बाळाजवळचा दिवा विझता कामा नये. म्हातारीने कमी पैशात वाटीभर तेल मागितलं. तेलिणीला आण आठवली. तिने वाटी तशीच परत केली.

"बरं," म्हातारी म्हणाली, "बसू अंधारातच. सटवाईला दिसेल तसं लिहील."

म्हातारी वळली, तेव्हा तेलिणीच्या मनात आलं: आपल्या लेकरासाठी भ्यायचं आणि दुसऱ्याचं लेकरू अंधारात टाकायचं? ही आण देवाने कुठे मागितली होती? मागितली थोरल्याने, देवाला नुसतं साक्षीला ओढलं.

तिने म्हातारीला हाक मारून वाटी काठोकाठ भरली. मग लेकीचं बोट धरून पंचाकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं.

पंचाने तिघांना वेगवेगळं बोलावून खातरजमा केली. तिघांना जबर दंड झाला, भावाचा करार मोडला. जाता जाता थोरला तिच्या कानाशी पुटपुटला, "लेकीला जप हो."

पुढे कितीतरी दिवस ती धास्तावलेलीच होती. लेक मात्र जेवत होती, खेळत होती, वेणी घालताना भांडत होती.

एका सकाळी थोरल्याच्या दारात गर्दी दिसली. ज्याने आण घातली, त्यानेच आता तेलिणीपेक्षाही भाव उतरवला होता. तिचं रोजचं गिऱ्हाईक ओशाळून म्हणालं, "रागावू नका हं वहिनी, तिकडे स्वस्त आहे."

"जा की," तेलीण म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिला हसू फुटलं, आणि ती बैल घाण्याला जुंपायला उठली.

तात्पर्य: दुसऱ्याच्या घरात अंधार करणारी आण देवाच्या नावाने घेतली तरी देवाची होत नाही, भीती वाटत असतानाही ती मोडणं, हाच धर्म.