अकराला अकरा

दोष म्हाताऱ्या कासवाचा होता. घारीचा नव्हे, ढगांचा तर नाहीच.

त्या नदीच्या खोऱ्यात एका बाजूला डोंगर होते, दुसऱ्या बाजूला माळ आणि मधल्या वळणावर वाळू. वाळूत कासवाच्या लेकीने अंडी पुरली होती.

पाऊस सांगायचं काम घारीकडे होतं. ती ढगांच्याही वरून उडे आणि त्यांच्या माथ्याला पंख लावून बघे. माथा जितका गार, तितकी जास्त बोटं पाऊस. डोंगरातले ढग ठेंगणे, कोमट माथ्याचे, पण बदाबदा कोसळणारे. माळावरचे उंच, गारेगार आणि जवळजवळ कोरडे. वरून हे कळायला मार्ग नव्हता.

घारीचे आकडे तपासायचे कासवाने. का, तर ते वयाने मोठं. दुसरं कारण कुणी विचारलं नाही.

डोंगरात तांबड्या खेकडीने खडकातल्या खळग्यात पाऊस धरून मोजला: नऊ बोटं. घारीने सांगितली होती दोन. माळावर चंडोलाच्या खळग्यात दोन बोटं भरली. घार म्हणाली होती नऊ.

कासवाने बेरीज केली. "अकराला अकरा! घार तंतोतंत."

"आबा, दोन्हीकडे चुकलीय ती," खेकडी म्हणाली.

"एका चुकीने दुसरी भरून निघाली ना? तुझी नजर खळग्याएवढी. जरा खोरं बघायला शीक."

जमलेल्या प्राण्यांच्या सभेने माना डोलावल्या. घार तंतोतंत, मग खळगे कशाला, म्हणून ते बुजवायचं ठरलं. खेकडीने तिचा बुजवला नाही.

पुढच्या पावसात तो भरून वाहू लागला. वरून घार ओरडली, "डोंगरात दोन, माळावर नऊ!" खेकडीने धबधब्यावरून स्वतःला सोडून दिलं आणि लोंढ्याच्या आधी वाळूवर येऊन आपटली. एक नांगी तुटली होती.

"आबा, पूर येतोय! अंडी वर हलवा!"

लेक वाळू उकरायला धावली.

"थांब गं," कासव म्हणालं. "दोन आणि नऊ, अकराच झाली. खोऱ्यात अकरा बोटं पडल्यावर वाळू बुडालीय का कधी?"

"अहो, अंडी खोऱ्यात नाहीत, वाळूत आहेत!"

"मोठ्यांशी असं बोलतात?" म्हणत कासवाने मान कवचात ओढून घेतली. लेकीने बापाकडे पाहिलं आणि उकरणं थांबवलं.

लोंढा आला तेव्हा माळावर चंडोल भेगाळलेल्या जमिनीत पाणी शोधत होता. कासवाला कवच होतं. ते तरंगलं.

त्याची एकोणीस नातवंडं गेली.