कोहळ्याची जागा

“तिच्याऐवजी मला नेलं, तर नाही का चालणार देवाला?”

विश्वासराव इंगवल्यांनी मठाच्या पायरीवरूनच विचारलं. गावचे पाटील ते. आजवर कुणापुढे हात पसरला नव्हता. आज मात्र अनवाणीच टेकडी चढून आले होते. ऊर धपापत होता.

भानगिरी गोसावी दगडावर ठेवलेल्या कोहळ्याला कुंकू लावत होते. पूर्वी या दगडावर बोकड कापत. गोसाव्यांनी ते बंद केलं आणि बोकडाच्या जागी कोहळा आणला.

“कुणाऐवजी?”

“येसूऐवजी. माझी लेक. तापानं फणफणलीय, महाराज. गेल्या साली तिची आई गेली, ती अशाच तापात. आता घरात आम्ही दोघंच.”

“पाटील, देव म्हणजे काय अदलाबदलीचा बाजार वाटला?”

“तुम्ही नाही का बोकडाऐवजी कोहळा देत?”

गोसावी हसले. “देतो खरा. कोहळ्याला मात्र अजून कुणी विचारलेलं नाही.”

“मला विचारा. मी तयार आहे.”

गोसाव्यांनी कोहळा उचलून खाली ठेवला आणि रिकाम्या दगडावर तळहात थोपटला.

“ठेव मान.”

गोसावी असली थट्टा करणाऱ्यातले नव्हते. तरी विश्वासराव गुडघे टेकून बसले, सदऱ्याची गुंडी सोडली आणि दगडावर मान ठेवली. कानाशी कोयता घासल्याचा आवाज येऊ लागला. खर्र... खर्र...

मग तो थांबला.

मानेला थंडगार पातं टेकलं.

आणि विश्वासरावांना नवल वाटलं. सकाळपासून अंगाला सुटलेलं कापरं थांबलं होतं. डोळे आपोआप मिटले. श्वास संथ झाला.

“भ्यालास?”

“नाही.”

“बरं वाटतंय?”

“...हो.”

“मग घरात कशाला भीत होतास?”

“तिच्या घशात घरघर सुरू झाली,” विश्वासराव दगडाशीच बोलल्यासारखं बोलले. “तिच्या आईला लागली होती, तशीच. ती मी उजाडेपर्यंत ऐकली होती, महाराज. पुन्हा... पुन्हा नाही ऐकवणार मला. कानावर आली आणि तसाच उठून बाहेर पडलो.”

“लेकीपाशी कोण आहे?”

“शेजारची धोंडाक्का.”

“बोलावलीस तिला?”

“दारातच होती. बस म्हणून खुणेनं सांगितलं. ऐकू येत नाही तिला...”

पातं मानेवरून निघालं. विश्वासराव मात्र तसेच पडून राहिले. उठायचं मनात येताच हातपाय पुन्हा लटपटू लागले होते.

“चालवा, महाराज,” ते पुटपुटले. “पाया पडतो, चालवा.”

गोसाव्यांनी कोयता दूर टाकला. दंडाला धरून त्यांना उभं केलं आणि त्यांचं तोंड गावाकडे वळवलं.

“पळ. तिनं हाक मारली, तर तुझ्याऐवजी ओ कोण देणार?”