पाकिटातली लहर

"पण पाकीट आजच उघडलं तर बिघडतं काय, बाई?"

माळरानावरच्या त्या वेधशाळेत गुरुत्वीय लहरींची छाननी गुळवेबाईंकडे होती, आणि विचारणारा रेवण शेटे त्यांचा सर्वांत तल्लख विद्यार्थी. आपण तल्लख आहोत हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं.

त्याला लहर सापडली होती. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की त्याचा थरथराट कोट्यवधी वर्षांनी इथे पोचतो, आणि चार किलोमीटर लांब नळ्यांच्या टोकांचे आरसे अणूच्या गाभ्याहूनही कमी हलतात. तेवढं हलणं रेवणने सगळ्या गोंगाटातून वेचून काढलं होतं. हेवा वाटावा असं काम.

एक रिवाज मात्र आडवा येत होता. परीक्षा म्हणून अधूनमधून, ज्याच्या सचोटीवर सगळ्यांचा विश्वास आहे असा कुणीतरी गुपचूप आरसे हलवून खोटी लहर घालतो. इथे आणि परदेशातल्या जोडीदार वेधशाळेत, एकदमच. घातली की नाही, ते बंद पाकिटात असतं. शोधनिबंधावर सही झाल्याशिवाय पाकीट उघडत नाहीत. आत काय आहे ते बाईंनाही माहीत नव्हतं.

"पाच वर्षं घातलीत मी यात. पदवी यावरच अडलीय," रेवण म्हणाला. "खोटी असेल तर सगळं पाण्यात. एकदाचं कळू दे ना."

बाईंनी कपाटातून पाकीट काढून त्याच्यापुढे ठेवलं.

"घे. फोड."

रेवणने हात पुढे केला...

"खरी निघाली तर?" बाईंनी विचारलं.

"तर... जगाला सांगू."

"आणि मग काय तपासशील?"

हात तसाच राहिला. मग त्याने पाकीट बाईंकडे सरकवलं.

"एक गोष्ट राहिलीय," तो हळू आवाजात म्हणाला. "लहर आली त्याच्या काही सेकंद आधी पूर्वेकडच्या नळीतली हवा उपसणारा पंप सुरू झाला होता. त्याचा संबंध नाही, असं मी एका ओळीत लिहून टाकलं. तपासलं नाही. लहर इतकी सुंदर होती, बाई..."

"मग?"

"जातो."

आठ दिवस तो पंपाशी बसला. साठ वेळा पंप चालू केला, साठ वेळा नोंदी पाहिल्या. पंपाने आरसे हलत होते, पण त्या लहरीच्या चालीने नाही. लहर टिकली. निबंधात त्याने हे सगळं लिहिलं, तपासायचं टाळलं होतं तेही लिहिलं, आणि सही केली. स्वतःची चूक अशी छापायला देणारा माणूस मला तरी फारसा भेटलेला नाही.

मग सगळ्यांसमोर पाकीट फोडलं.

लहर खोटी होती. मुद्दाम घातलेली.

रेवणचे डोळे भरून आले.

"पाच वर्षं, बाई..."

बाईंनी निबंध उचलला. पंपाचं पान काढलं, शेवटपर्यंत वाचलं. मग त्या खुर्चीवरून उठल्या आणि आपल्या विद्यार्थ्यापुढे त्यांनी हात जोडले.

"रेवण, पुढची खोटी लहर तू घालायचीस."