झुंबरगावच्या कारभाऱ्यांचा पगार

हिरव्यागार डोंगरांच्या कुशीत झुंबरगाव नावाचं एक इवलंसं राज्य होतं. तिथे सोनकी नावाची मुलगी तिच्या आईबरोबर राहायची. मायलेकी गजरे करून विकायच्या. पण यंदा त्यांची चिमुकली बाग सुकत चालली होती, आणि आई खोकून खोकून अंथरुणाला खिळली होती.

गावाला पाटाचं पाणी सोडायचे बाळोबा कारभारी. औषधांची कोठी सांभाळायचे भुजंगराव कारभारी. तुपाचं मडकं घेऊन गेलं की दोघांचंही दार उघडायचं. रिकाम्या हातांनी गेलं की बंद! आणि गंमत म्हणजे कारभाऱ्यांना पगारच नव्हता. "राज्याची सेवा करायची, तिला पगार कशाला?" असं म्हणून राणीसरकार त्यांना वर्षाकाठी एक शाल आणि एक नारळ द्यायच्या.

सोनकीकडे कुठलं आलंय तूप? त्या सकाळी तिच्या तांब्याच्या तळाशी घोटभर पाणी उरलं होतं. घसा कोरडा पडला होता. पण कुंपणाशी जाईची एक नाजूक वेल मान टाकून बसलेली तिला दिसली.

"पी गं बाई तू," सोनकी म्हणाली आणि तिने ते पाणी वेलीला घातलं.

टप्पकन एक कळी उमलली! आतून मोरपंखी पंखांची, बोटाएवढी परी बाहेर आली. तिच्या पैंजणांतून चांदण्यांचे कण सांडत होते.

"सोनुले, माग काय हवं ते," परी म्हणाली. "पण नियम ऐक हं. फक्त स्वतःसाठी मागितलंस तर एकच इच्छा मिळेल. सगळ्यांसाठी मागितलंस तर दोन. आणि कुणाचं मन मात्र मला बदलता येत नाही. ते ज्याचं त्यानेच बदलायचं."

"माझ्या आईला बरं कर," हे शब्द सोनकीच्या अगदी ओठांवर आले होते. इतक्यात शेजारच्या घरातून खोकल्याची ढास ऐकू आली. मग पलीकडच्या घरातून. सोनकीने डोळे गच्च मिटले. आज एकटी आई बरी होईल, पण बाकीच्यांचं काय?

"परीताई, आमच्या कारभाऱ्यांना भरपूर पगार मिळू दे. म्हणजे त्यांना कुणाकडे मागावंच लागणार नाही."

परीने छडी फिरवली. राजवाड्याच्या अंगणात रुपेरी पानांचं झाड डुलू लागलं, आणि कारभाऱ्यांच्या ओंजळींत पानं झरझर पडली. खरीखुरी चांदी!

दुसऱ्या दिवशी सोनकी भीत भीत पाटावर गेली. पाटाशेजारीच बाळोबांच्या अंगणात त्यांची मुलं नवे सदरे घालून गरमागरम भात जेवत होती.

"काका, तूप नाही आणलं मी."

"नकोच ते, पोरी!" बाळोबांचे डोळे भरून आले. "लेकरं उपाशी झोपायची, म्हणून मी हात पसरत होतो. फार लाज वाटायची गं." त्यांनी पाटाचं दार उचललं आणि निळंशार पाणी खळखळत बागेकडे धावलं.

आणि ऐका, पुढे थोड्याच दिवसांत शेजारच्या राज्यात नोकरीला गेलेल्या, पाट बांधण्यात हुशार अनसूयाबाईसुद्धा परत आल्या! "शाल-नारळावर माझं घर चाललं नसतं," त्या हसून म्हणाल्या. त्यांनी गळका पाट असा दुरुस्त केला की टोकाच्या शेतापर्यंत पाणी पोचलं.

पण त्या दिवशी सोनकी बाळोबांकडून नाचत नाचत थेट औषधाच्या कोठीवर गेली. तिथे भुजंगराव चांदीच्या पानांच्या ढिगावर रेलून बसले होते.

"औषध हवंय? मग तूप आण. आता मी मोठा माणूस झालोय, मडकंही मोठंच हवं!"

सोनकी रडत जाईच्या वेलीकडे आली. "परीताई, माझं चुकलं का गं?"

"चुकलं नाही, राणी. ज्याला गरज होती तो सुधारला. ज्याला हाव आहे त्याला कितीही दे, कमीच पडणार. एक इच्छा अजून बाकी आहे."

सोनकीने नाक पुसलं आणि खूप विचार केला. मग ती म्हणाली, "कारभारी जिथे बसतात, तिथल्या भिंती पाण्यासारख्या आरपार दिसू देत. आम्हाला सगळं दिसलं पाहिजे."

छमछम! कोठीच्या भिंती लख्ख काचेच्या झाल्या. भुजंगराव तेव्हा एका म्हाताऱ्या आजोबांचं मडकं धोतराच्या सोग्याखाली लपवत होते. बाहेर अख्खा बाजार उभा! पोरं टाळ्या पिटत ओरडली, "दिसलं, दिसलं!" भुजंगरावांचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला. राणीसरकार स्वतः आल्या आणि त्यांनी किल्ल्या मागून घेतल्या.

"यांच्या जागी कोण?" त्यांनी गावाला विचारलं.

एकदम कितीतरी हात वर झाले. पगार चांगला होता ना! राणीसरकारांनी सगळ्यांची नीट पारख केली आणि गावाच्या पसंतीने एका प्रेमळ, शिकलेल्या वैदूबाईंना किल्ल्या दिल्या. त्यांनी कोठी उघडली आणि घरोघर औषध पोचवलं. सोनकीच्या आईलाही मिळालं.

संध्याकाळी आई अंगणात येऊन बसली. तिने खोल श्वास घेतला. खोकला आलाच नाही!

"सोनके," ती हसत म्हणाली, "भूक लागलीय गं मला. किती दिवसांनी!"

तेवढ्यात परी सोनकीच्या खांद्यावर उतरली. तिने सोनकीच्या गालाचा इवलासा पापा घेतला आणि पंख पसरले. गुलाबी, केशरी, सोनेरी उजेड अंगणभर भरून आला, आणि त्या उजेडात परी हळूहळू विरघळून गेली.

सोनकी भाकरी थापायला आत पळाली.